जुन्या गाडीला ऑइल कूलर बसवणे : साहित्य आणि कृती

ऑइल कूलर हा इंजिनातल्या तेलासाठी असलेला छोटा रेडिएटर होय. तापलेले तेल पंपाच्या दाबाने त्याच्यात शिरते, अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांतून फिरते, नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांवरून जाणाऱ्या हवेला उष्णता देते आणि निवून पुन्हा इंजिनाच्या कामाला लागते. या नळ्या रांगांत मोजतात. १०, १३, १६, १९, २५ अशा रांगांचे कूलर बाजारात मिळतात. कोणत्या गाडीला किती रांगा लागतील हे इंजिनाचा आकार, वेग आणि हवामान पाहून ठरवावे, असे पुस्तकांत लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते मालकाच्या मित्राने किती रांगांचा बसवला आहे यावर ठरते.

वंगण हे तेलाचे कागदोपत्री पद. बेअरिंगे आणि पिस्टनची खालची बाजू, म्हणजे जिथे पाणी पोहोचत नाही तिथली उष्णता उचलून आणणे, हे त्याच्या अंगावर टाकलेले जादा काम. साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस या टापूत ते दोन्ही कामे बिनतक्रार करते. १३० च्या पुढे साध्या मिनरल तेलाचा कस झपाट्याने उतरतो. हवेने थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ मध्ये पाण्याचा कारभारच नसल्याने तेलावर फारच भार पडे. फोक्सवॅगन बीटलमध्ये कूलर पंख्याच्या आवरणातच बसवलेला होता आणि त्याच्या आडोशामुळे तिसऱ्या सिलिंडरला हवा कमी मिळे; शेवटी १९७० च्या सुमारास कंपनीला त्याची जागा बदलावी लागली. कूलर कुठे बसवावा यावरचे वाद जर्मनांनाही चुकलेले नाहीत, हे पुढचा मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

तेल फार थंड ठेवणेही वाईट. ८० अंशांच्या खालीच राहणाऱ्या तेलातली पाण्याची वाफ आणि कच्चे पेट्रोल उडून जात नाही, आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा तपकिरी थर जमतो. ही सूचना सर्व पुस्तकांत असते. ती कूलर बसवून झाल्यावर वाचण्याची प्रथा आहे.

या प्रयोगासाठी पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा देशात सर्वांत अनुकूल समजावा. आकुर्डीने घरोघरी स्कूटर पोहोचवल्या. टाटा मोटर्सला लोक अजून टेल्को म्हणतात आणि टेल्को रोडला तर दुसरे नाव कुणी घेतच नाही. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनच्या गाड्या बनतात, बजाजच्या पल्सर बनतात, आणि या सगळ्यांना लागणारे रेडिएटर, कूलर, होज पाइप आसपासच्या कारखान्यांतून ट्रक भरभरून निघतात. ज्या वस्तूची इथे अशी पैदास होते तीच वस्तू इंग्लंडहून कुरिअरने मागवणे, हा या छंदाचा पहिला नियम.

दुसरे अनुकूल कारण म्हणजे इथले मनुष्यबळ. या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला गाडीचे बॉनेट उघडून कुणी उभे राहिले, तर थोड्याच वेळात एक टूल रूमवाला, एक क्वालिटीवाला आणि एक परचेसवाला जमतो. पहिला वाकून बघतो, दुसरा चूक दाखवतो, तिसरा किंमत विचारतो. हातात पाना घेणारा चौथा माणूस मात्र शोधून आणावा लागतो.

उदाहरणादाखल निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्यातली एमजीए ही गाडी घेऊ. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन इथे १९५५ ते १९६२ या काळात ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार बनत होती. एक लाखाच्या वर गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या. सुरुवातीच्या एमजीएत १४८९ सीसीचे बी-सीरिज इंजिन असे. याच घराण्यातले, याच मापाचे इंजिन हिंदुस्तान मोटर्सने अँबेसिडरमध्ये बसवले आणि अँबेसिडर उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत निघत राहिली. ही सोयरीक मालकाला नाना पेठेत पॅकिंगचा सेट शोधताना फार उपयोगी पडते आणि चारचौघांत फार जड जाते.

“हे तर अँबेसिडरचं इंजिन!”

“बी-सीरिज आहे. ट्विन कार्ब्युरेटर.”

“तेच ते. आमच्या तहसीलदारांच्या गाडीला होतं.”

विमा एजंटाशी होणारा संवाद याहून लहान असतो. “एमजी का? हेक्टर की अ‍ॅस्टर?” “एमजीए.” “मग ए म्हणजे अ‍ॅस्टरच.”

कूलर बसवण्याआधी निदान करावे लागते. एमजीएच्या डॅशबोर्डवर एकाच गोल डबीत दोन काटे असतात. एक ऑइल प्रेशर पौंडांत दाखवतो, दुसरा रेडिएटरच्या पाण्याचे तापमान फॅरनहाइटमध्ये. तेलाचे तापमान दाखवणारा काटा नाही. मे महिन्यातल्या दुपारी चाकणच्या तळेगाव चौकात सिग्नल हिरवा होतो, लाल होतो, परत हिरवा होतो आणि गाडी कंटेनरच्या मागे जागच्या जागी उभी असते. करण्यासारखे दुसरे काही नसल्याने शेजारी बसलेला मित्र काट्यांकडे बघतो.

“अरे, १९०!”

“चालतं तेवढं.”

“चालतं काय? १८० ला बटाटेवडा तळून निघतो!”

१९० फॅरनहाइट म्हणजे सुमारे ८८ सेल्सिअस. निरोगी इंजिनातल्या पाण्याचे हेच तापमान असायला हवे. मालकाला हे ठाऊक असते. परंतु वड्याची उपमा एकदा डोक्यात शिरली की आकडेमोडीने निघत नाही. तो घरी येतो, रात्री जागून कूलर पसंत करतो आणि पैसे भरून मोकळा होतो. निदान इथे संपते. चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंग लॅब सांभाळणारी त्याची बायको सकाळी चहाच्या वेळी काही मुद्दे मांडते.

“तो काटा फॅरनहाइटचा आहे.”

“माहितीये.”

“आणि पाण्याचा आहे.”

“तेही माहितीये.”

“मग तेल किती तापतं?”

“तेच तर कुणाला माहीत नाही ना! म्हणून कूलर.”

मालकाच्या आईचा प्रश्न वेगळ्या शास्त्रातला असतो. “गाडी चालते ना?” “चालते.” “मग तिला कशाला छेडतोस?” या प्रश्नाला ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगमध्ये अजून उत्तर सापडलेले नाही.

आता साहित्य. कंपनी त्या काळी एमजीएला जादा पैसे घेऊन कूलर देत असे. रस्त्यावरच्या गाडीला १३ रांगा पुष्कळ झाल्या, असे विकणारा स्वतःच सांगतो. विकणाऱ्याने कमी घ्या म्हणावे आणि गिऱ्हाइकाने जास्त घ्यावे हा चमत्कार फक्त या एका धंद्यात घडतो. अपग्रेड म्हणजे १३ च्या जागी १९. “उद्या रेसला गेलो तर?” या वाक्याने खरेदीचे समर्थन होते. रेसला कोण जाणार, कुठे आणि पाठदुखीचे काय, हे प्रश्न निषिद्ध आहेत.

पार्सल येते तेव्हा मालक कामावर असतो. वॉचमन वहीत ‘एसीचा पार्ट’ अशी नोंद करतो. तत्त्वतः तो फारसा चुकत नाही. खोक्यात कूलर, स्टीलच्या जाळीने मढवलेले दोन होज पाइप, ब्रॅकेट, वायसरांची पुडी आणि सूचनांचा एक कागद असतो. कागदावर लिहिलेले असते : जुना भाग काढला त्याच्या उलट क्रमाने नवा बसवावा. गाडीला आधी कूलरच नव्हता. त्यामुळे काय काढायचे आणि कोणता क्रम उलटा करायचा यावर पहिली संध्याकाळ जाते.

दुसऱ्या संध्याकाळी समिती भरते. उष्णता-विनिमयाच्या धंद्यात, म्हणजे हीट एक्स्चेंजरच्या डिझाइनमध्ये, आयुष्य घालवून निवृत्त झालेले शेजारचे काका हातात नुकतीच आलेली लग्नपत्रिका घेऊन फाटकातून आत येतात.

“एलएमटीडी काढली का?”

“काय?”

“एलएमटीडी. तेल किती अंशाला आत, किती अंशाला बाहेर, हवा किती अंशाला आत…”

“मोजलं नाहीये, काका.”

“न मोजता १९ रांगा आणल्या?”

काका ओट्यावर बसतात, पत्रिकेच्या पाकिटाच्या मागच्या बाजूवर गृहीतके मांडतात, तेलाचा प्रवाह मनाने घेतात, हवेचा वेग त्याहून मनाने घेतात आणि पाव तासाने जाहीर करतात : सात. सात रांगा पुरतात. सभेत शांतता पसरते. गणित बरोबर असेल, पण १९ रांगांचे पैसे भरून झाल्यावर सातचे उत्तर काढणाऱ्याला कुणी दुसरा चहा विचारत नाही.

परचेसवाल्याला गणितात रस नसतो. “केवढ्याला पडला? एवढ्यात? अहो, आमच्या चाकणच्या व्हेंडरने याच्या पाव किमतीत दिला असता. मिनिमम ऑर्डर फक्त पाच हजार नग.” पल्सर २२० वरून आलेला त्याचा पुतण्या खाली वाकून बघतो आणि म्हणतो, “हा तर माझ्या गाडीलापण आहे.” ते खरे आहे. त्याच्या मोटारसायकलच्या इंजिनासमोर छोटासा कूलर कंपनीनेच बसवून दिलेला आहे, आणि तो आहे हे त्याला त्या क्षणापर्यंत लक्षात ठेवावे लागलेले नाही.

कूलरची जागा समोरच्या जाळीच्या मागे आणि रेडिएटरच्या पुढे. त्याची तोंडे वर किंवा बाजूला असावीत. खाली ठेवल्यास आत हवा अडकून वरच्या रांगा कोरड्या राहतात. पाइपांचा मार्ग असा : बी-सीरिज इंजिनात पंपातून आलेले तेल मागच्या बाजूने बाहेर पडते आणि एका आखूड धातूच्या नळीतून फिल्टरकडे जाते. ती नळी काढायची, तेलाला होज पाइपाने पुढे कूलरपर्यंत न्यायचे आणि दुसऱ्या पाइपाने परत फिल्टरशी आणून सोडायचे. सांगायला हे एवढेच आहे.

काम गुरुवारी करावे लागते, कारण भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी आणि फिटर त्या दिवशीच मोकळा. तो आयटीआय करून आलेला, लेथवर हात बसलेला आणि बोलायला महाग असतो. “बघू” हा त्याचा शब्द सकाळी नऊ वाजता ‘होईल’ या अर्थाने आणि संध्याकाळी सहा वाजता ‘होणार नाही’ या अर्थाने वापरलेला आढळतो. गुरुवारची अडचण एकच. महावितरणची दुरुस्तीची कामेही त्याच दिवशी निघतात. त्यामुळे फिटर असतो तेव्हा लाइट नसते आणि लाइट असते तेव्हा फिटर कंपनीत असतो.

पान्यांचा प्रश्न त्याआधी उभा राहतो. हा सबंध पट्टा दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा या पान्यांवर वाढलेला आहे. एमजीएचे नट-बोल्ट इंचांतले. अर्ध्या इंचाच्या नटाला बाराचा पाना जात नाही आणि तेराचा किंचित ढिला बसून नटाचे कोपरे गोल करतो. नऊ-सोळांश इंचाला चौदाचा जात नाही, पंधराचा फिरतो. स्क्रू पाना काढायचा विचार कुणीतरी बोलून दाखवतो. फिटर त्याच्याकडे असे बघतो की तो माणूस उठून चहाचे सांगायला आत जातो.

मग भोक. पाइप पुढे नेण्यासाठी रेडिएटरजवळच्या पत्र्याला दोन भोके पाडावी लागतात, आणि जुन्या गाडीच्या पत्र्याला भोक पाडणे हा मालकासाठी कान टोचण्याचा नव्हे, शस्त्रक्रियेचा प्रसंग असतो. फिटर पंचाने खूण करतो. बॅटरीवरच्या ड्रिलला होल सॉ लावतो. तेलाचा एक थेंब सोडतो. पत्र्याचा बारीक कुरळा कीस निघू लागतो, रंगाची भुकटी उडते, ड्रिलचा आवाज अचानक बदलतो आणि रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती फिटरच्या तळहातावर पडते. तो ती मालकाला देतो. चकतीच्या कडेवर रंगाचे थर स्पष्ट दिसतात. सर्वांत वर लाल. त्याखाली पांढरट प्रायमर. त्याखाली हिरवा.

“ओरिजिनल लाल म्हणून घेतली होती ना?” क्वालिटीवाला विचारतो.

मालक चकती खिशात टाकतो. चकतीचा विषय त्या दिवशी परत निघत नाही. भोकांना रबराचे ग्रोमेट मात्र अतिशय काळजीपूर्वक बसवले जातात.

या सर्व काळात एक माणूस टॉर्च धरून उभा असतो. टॉर्च धरणारा हा प्रत्येक दुरुस्तीतला सर्वांत कनिष्ठ अधिकारी होय. प्रस्तुत लेखकाची बढती याच्यापुढे कधी झालेली नाही. उजेड जिथे हवा तिथे टॉर्चवाल्याचे डोके आडवे येते, आणि डोके काढले की उजेड त्याच्याबरोबर निघून जातो.

पाइप जोडायला घेतल्यावर एका टोकाचा अ‍ॅडॉप्टर पुडीत नसल्याचे कळते. भोसरीत या मापाचे आटे पाडून मिळतील, पण गुरुवार आहे. नाना पेठ गाठेपर्यंत दुपार होईल. कुदळवाडीत पूर्वी असली वस्तू हमखास मिळायची. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली भंगाराची हजारो गोदामे आणि शेड पाडली, त्यामुळे तोही रस्ता बंद. चर्चा रंगलेली असताना बंगल्याच्या टाकीचा फ्लोट बदलायला आलेला प्लंबर खांद्यावरून डोकावतो.

“हा तर नळाचा आटा आहे. अर्धा इंची.”

सभेला हे लागते. पण प्लंबर बरोबर असतो. इंग्रजांनी पाइपाच्या आट्यांचे जे माप ठरवले, ते एमजीच्या इंजिनालाही लावले आणि नळालाही. अ‍ॅबिंग्डनची स्पोर्ट्स कार आणि मोरीतला नळ यांचे कूळ एकच निघते. प्लंबर पिशवीतून पितळी निप्पल काढतो आणि सवयीने टेफलॉन टेपही काढतो.

“दोन फेरे मारतो. एक थेंब गळणार नाही. गॅरंटी.”

“किती वर्षांची?”

“मी आहे ना इथे.”

फिटर दिवसातले आपले सर्वांत मोठे भाषण करतो : “टेप नाही. तुकडा तेलात गेला तर बेअरिंग जाईल.” हे खरे आहे. नळाचे आटे निमुळते असतात आणि टेपवर आवळतात. इंजिनाकडचे आटे सरळ असतात आणि त्यांची गळती तांब्याचा वायसर किंवा नळीचे शंकूसारखे तोंड थांबवते. शेवटी पितळी निप्पल मापाच्या नमुन्यापुरते घेतले जाते आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टमध्ये, सुपरवायझर चहाला गेलेला असताना, अ‍ॅडॉप्टर लेथवर जन्माला येतो.

सगळे जोडल्यावर गाडी लगेच सुरू करायची नसते. कोरडा कूलर आणि कोरडे पाइप भरेपर्यंत बेअरिंगांना तेल मिळत नाही. म्हणून चारही स्पार्क प्लग काढायचे आणि स्टार्टरने इंजिन नुसते फिरवत प्रेशरचा काटा उठण्याची वाट बघायची. एमजीएचा स्टार्टर किल्लीने नव्हे, डॅशबोर्डवरची मूठ ओढून लागतो. मालक मूठ ओढतो. काटा उठत नाही. पुन्हा ओढतो. सगळे काट्याकडे बघत असतात. काट्याऐवजी बॅटरी बसते. एमजीएला सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या दोघी एकदम बसतात.

समोरच्या बंगल्यातला गृहस्थ आपली एसयूव्ही जवळ आणून जंपर केबल काढतो. “लाल प्लसला, काळी बॉडीला.”

“थांबा! हिची बॉडी प्लस आहे.”

“म्हणजे गाडी उलटी आहे?”

“सरळच आहे. १९५७ साली हेच सरळ होतं.”

गृहस्थ केबल गुंडाळून एसयूव्ही दोन हात मागे घेतो, जणू दोष संसर्गजन्य आहे. बॅटऱ्या रात्रभर चार्ज होतात. सकाळी चौथ्या-पाचव्या ओढीला काटा थरथरतो आणि ६० पौंडांवर जाऊन उभा राहतो. टाळ्या वाजतात. कूलर आणि पाइप यांनी अर्ध्या लिटरच्या आसपास तेल पिऊन टाकलेले असते, तेवढे वरून भरावे लागते.

गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलेले असते. दुसऱ्या दिवशी त्यावर एक थेंब सापडतो. क्वालिटीवाल्याचे आयुष्य या थेंबासाठीच खर्ची पडलेले असावे. तो वही काढून व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस सुरू करतो. थेंब का पडला? जॉइंट गळतो. का? वायसर जुना आहे. जुना का? नवा जाळीत पडून हरवला. का? उजेड नव्हता. का नव्हता? टॉर्च धरणारा फोनवर बोलत होता. मूळ कारण सापडते. उपाययोजना : टॉर्च धरणाऱ्यास प्रशिक्षण. जबाबदार व्यक्ती आणि तारीख यांचे रकानेही भरले जातात.

तेवढ्यात गाडीखाली झोपलेला फिटर सांगतो की थेंब कूलरकडचा नाहीच, मागचा आहे. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे सील नसून तेल आत परतवणारी मळसूत्री खाच असते. इंजिन फिरत असेल तोवर ती तेल परतवते आणि उभे राहिले की तिची ड्यूटी संपते. थेंब १९५७ पासून पडत आहे. क्वालिटीवाला वही मिटत नाही. तो सहावे ‘का’ लिहून पुढे अ‍ॅबिंग्डन असा पत्ता घालतो.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहिली पाहिजे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियम करणाऱ्यांना हे बंधन वाटले असावे. ज्याने जुनी इंग्लिश गाडी पाळली आहे त्याला माहीत असते की ती देखभालीखेरीज दुसऱ्या कारणासाठी रस्त्यावर येतच नाही. ऑइल कूलर हा मोठा फेरफार आहे का, हा प्रश्न या मंडळींत कुणी मोशीच्या आरटीओत जाऊन विचारलेला नाही. खिशातल्या हिरव्या चकतीबद्दलही नाही.

चाचणीच्या दिवशी मालकाची आई नारळ फोडते आणि जाळीवर लिंबू-मिरची बांधते. ती नेमकी कूलरच्या मधोमध लोंबते. काका डोळे बारीक करून हवेच्या मार्गातला अडथळा अजमावतात, पण बोलत नाहीत.

पहिली चाचणी सोमवारी. स्पाइन रोडने मोशी, मोशीहून कुरुळी फाटा, तिथून चाकण. कुरुळीपर्यंत सगळे सुरळीत असते. पुढे कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, टेम्पो आणि मधूनच उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार यांच्या संगमात गाडी थांबते. इथे ऑइल कूलरच्या शास्त्रातला एक मूलभूत सिद्धान्त प्रत्ययाला येतो. कूलरला हवा लागते. गाडी उभी असली की हवा उभी राहते. इंजिनाचा पंखा थोडीफार ओढतो, पण इंजिन मंद झाले की तोही मंदावतो. शिवाय १९ रांगांचा कूलर रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेला असल्याने जी काही हवा येते ती त्याच्यातून तापून रेडिएटरकडे जाते. पाण्याचा काटा पूर्वी १९० वर असे, तो आता २०५ दाखवतो. तळेगाव चौकात मित्र काही म्हणणार इतक्यात मालक त्याला गप्प बसायला सांगतो.

दुसरी चाचणी गुरुवारी, कारण त्या दिवशी कंपन्या बंद आणि रस्ते मोकळे. या खेपेला मालकाची बायको आपले थर्मोकपल घेऊन शेजारी बसते. डिपस्टिकच्या नळीतून तार आत सोडलेली, मीटर मांडीवर. गाडी सुसाट जाते, वारा कूलरमधून मनसोक्त वाहतो आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही मीटर ६८ अंशांवर ठाम राहते.

“थंड आहे,” ती म्हणते.

“बघ! म्हणजे कूलर काम करतोय.”

“८० च्या वर पाहिजे. हे कूलर लावायच्या आधी मोजलं असतं तर?”

“आधी मोजून काय कळलं असतं? आधी कूलरच नव्हता.”

अशा प्रकारे कूलर गर्दीत काही करत नाही आणि मोकळ्या रस्त्यावर नको तितके करतो. यावर नियमबद्ध उपाय थर्मोस्टॅट हा आहे. तेल ८० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत तो त्याला कूलरकडे फिरकू देत नाही. तो इंग्लंडहून मागवता येतो, त्याला आणखी दोन जोड लागतात आणि आणखी दोन अ‍ॅडॉप्टर लागतात. दुसरा उपाय थंड देशांतल्या गाडीवाल्यांना हिवाळ्यापुरता माहीत आहे, आणि फिटर तो भर उन्हाळ्यात सुचवतो : कूलरच्या तोंडावर पुठ्ठा.

पुठ्ठा लगेच मिळतो. ज्या खोक्यातून कूलर आला तेच खोके कापले जाते. आधी सगळा कूलर झाकून पाहतात, तेल फार चढते. मग खालून एकेक रांग उघडी करत, मीटर बघत, मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारल्या जातात. १२ रांगा झाकलेल्या उरतात तेव्हा मीटर ९२ वर येऊन स्थिरावते. क्वालिटीवाला पुठ्ठ्याचे ड्रॉइंग नंबरसह करून ठेवायला सांगतो. परचेसवाला पाच हजार नगांचा भाव काढून देतो. फिटर चार क्लिपा लावून पुठ्ठा पक्का करतो, लिंबू-मिरची एका बाजूला सरकवतो आणि उघड्या राहिलेल्या रांगा बोटाने मोजतो. सात भरतात.

ओट्यावर बसलेल्या काकांकडे आता सगळे बघू लागतात. आतून दुसरा चहा येतो. काका बशीत ओतून तो सावकाश पितात, गणिताबद्दल चकार शब्द काढत नाहीत आणि लग्नपत्रिकेचे पाकीट तेवढे परत मागतात. कार्यालयाचा पत्ता त्याच्यावर असतो आणि मुहूर्त त्याच दिवशी संध्याकाळचा असतो.